राजा शेवटच्या पंगतीत

आमचे हे सत्त्याण्णव साली श्रावणापासून कार्तिकापर्यंत राजे होते. फ्रान्सकडचे कुठले तरी. राज्य एवढंसं, शेजारी वाईट, आणि सैन्य असं की मनाला येईल तेव्हा उठून घरी जायचं. सगळी युद्धं हरले. एक म्हणून जिंकले नाहीत. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, हसू देत. मला तेव्हा हसू येत नव्हतं. कारण त्या सगळ्या काळात मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दुपारी वेळेवर गरम भात. तो मला मिळत नव्हता आणि ह्यांना किल्ला मिळत नव्हता. एका घरात अशी दोन माणसं.

हे म्हणजे दत्तात्रेय. गल्लीत त्यांना सगळे दत्तूगुरु म्हणतात. मंगला गौरीच्या देवळावरून पंचगंगेकडे उतरताना डाव्या हाताला आमचं घर. महाराष्ट्रातून काशीला आलेली मंडळी आमच्याकडे उतरतात. ह्यांनी त्यांना घाटावर न्यायचं, स्नान, गंगापूजन, श्राद्ध, जे असेल ते करवायचं, आणि मी तोवर स्वयंपाक करायचा. एक-दीड वाजता मंडळी घाटावरून भुकेजून येतात आणि चौकात पंगत बसते. आधी पाहुणे. ते उठले की हे. मग मी. ह्यांना या गोष्टीचा फार अभिमान. येईल त्या यात्रेकरूला सांगायचे, "आमच्या घरात यजमान शेवटी जेवतो. वडिलांपासूनची रीत आहे." यात्रेकरू मान डोलवायचे. मी आत खरवड काढत असायची.

मी ह्यांच्या आधी जेवत नाही. व्रत नाही, शपथ नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून अंगवळणी पडलेलं. पण त्या उन्हाळ्यात मला चकरा यायला लागल्या. एकदा तर पुरणाच्या पातेल्यावरच झुकले होते. कबीरचौऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "खून बहुत कम है. बारह बजे खाना खा लिया कीजिए, ताज़ा." घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग जेवत जा ना. कोण अडवतंय?"

खरंच, कोणीच अडवत नव्हतं. राग त्याचाच येतो.

आणि त्यात वरच्या मजल्यावर ते युद्ध आलं.

वर आमचे भाडेकरू होते, प्रल्हाद आणि त्याची बायको संपदा. मूळचे नागपूरचे, तो बँकेत अधिकारी. पोरगा गुणी, पण हौशी. त्याने दिल्लीहून कॉम्प्युटर आणला. गल्लीत एवढ्या मोठ्या खोक्यासह शिरताना एक सांड आडवा आला, तर खोकं पाऊण तास तिथेच. शेवटी ते वर चढलं आणि हे उत्सुकतेने पाहायला गेले. गेले ते गेलेच.

प्रल्हादने त्यांना खेळ दाखवला. जुन्या काळचा नकाशा, त्यावर राज्यं, किल्ले, नद्या. आपण एक राजा घ्यायचा आणि राज्य वाढवायचं. प्रल्हादने ह्यांना एक छोटं राज्य निवडून दिलं. राजाचं नाव रॉबर्ट. ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा रामभट केला. शेजारी एक टक्कल पडलेला सरदार होता, नदीपलीकडे टेकडीवर त्याचा किल्ला. त्याचं नाव कुणी उच्चारलंच नाही, तो टकल्या. टकल्याचा किल्ला घ्यायचा, एवढंच ह्यांच्या मनात भरलं. प्रल्हाद दिवसभर बँकेत, संपदा घरी एकटी, तिला करमणूक. दुपारी हे वर जाऊन बसायचे.

आता ही काय भानगड आहे ते मी जिन्यात उभी राहून शिकले, कारण जेवायला बोलवायला रोज मलाच जावं लागायचं. पाहुणे जेवून उठले की हे पूर्वी पानावर बसायचे. आता "आलो, एवढी नदी ओलांडून आलो" असं वरून उत्तर यायचं. ती नदी काही लवकर ओलांडून व्हायची नाही. तीन वाजायचे, साडेतीन. खाली आमटीवर साय धरायची.

नदी ओलांडली की म्हणे सैन्य थकतं. अर्ध्या लोकांना लढताच येत नाही. ह्यांचा पारा चढायचा. "अगं, रामनगरच्या भाजीवाल्या रोज डोक्यावर पाट्या घेऊन गंगा ओलांडतात. आल्या की लगेच भांडायला तयार असतात. आणि हे चिलखतं घातलेले लोक एवढ्याशा ओढ्याने गळाठतात?" संपदा म्हणायची, काका, पुलावरून घ्या. पुलावर टकल्याचे तिरंदाज बसलेले.

दुसरा ताप सरदारांचा. राजाचं स्वतःचं सैन्य थोडं, बाकीची माणसं सरदार पाठवायचे, ती चाळीस दिवसांच्या बोलीवर. चाळीस दिवस झाले की माणसं घरी. मग तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे असा नाही तर दार उघडत असा. हे अक्षरशः कपाळाला हात लावून बसायचे. "मी परभणीच्या माणसांना गयेला नेतो. पिंड अर्धे ठेवून कुणी म्हणतं का, की गुरुजी, आता आमची मुदत संपली?" खरं सांगायचं तर त्यातले बरेच दिवस ह्यांनीच वाया घालवलेले असायचे. कारण पंचांग पाहिल्याशिवाय हे सैन्य हलवत नसत. अमावास्या आहे, थांबा. आज दिशाशूळ आहे, उद्या निघा. सरदारांची माणसं छावणीत बसून आपला शिधा खात मुहूर्ताची वाट पाहायची, आणि मुहूर्त आला की त्यांची घरी जायची वेळ झालेली असायची.

आणि युद्ध उगाच करता येत नाही, कारण लागतं. म्हणजे त्या किल्ल्यावर तुमचा काही हक्क असायला हवा. शोधता शोधता निघालं की रामभटाची आजी त्या किल्ल्यावरची. हे आठ दिवस अस्वस्थ. "आजीच्या माहेरावर हक्क सांगायचा? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक फ्रान्सचे आहेत, काही म्हणणार नाहीत, आणि तुम्ही आधी जेवायला चला.

शेवटी सांगितला हक्क. पण सैन्य कमी. मग संपदाने युक्ती काढली की रामभटाच्या मुलाचं लग्न करून द्या, व्याही सैन्य पाठवेल. दोन मुली होत्या, एक चुलत्याची, एक मामाची. चुलत्याकडे फौज मोठी. हे ताडकन म्हणाले, "सगोत्र. नाही म्हणजे नाही. मामाची मुलगी चालेल." आपल्याकडे चालते, पण गल्लीच्या तोंडाशी जो पानवाला आहे त्याला हे कळलं तेव्हा त्याने चुन्याची काडी खाली ठेवली आणि म्हणाला, "राम राम गुरु, ममेरी बहिन से?" दोन दिवस त्याने ह्यांना पान नीट लावलं नाही.

पानवाल्याला कसं कळलं म्हणता? ह्यांनीच सांगितलं. तोवर साऱ्या गल्लीला युद्धाच्या बातम्या लागायच्या. हे घाटावरून परत येताना कुणीतरी विचारायचंच, "का गुरु, किलवा टूटल कि नाहीं?" हे गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे. लोक घरात कुणी आजारी असल्यासारखी हळहळ करायचे.

तर मामाने घोडदळ पाठवलं. आता पुढचं ऐका, सगळं रामायण त्यातच आहे. त्या खेळात जेवणाचं एक पान होतं. वर धान्याचं कोठार, खाली एका ओळीत चित्रं. बाहेरून आलेले मित्र, सरदारांची माणसं, तिरंदाज, राजाचे शिलेदार, आणि मुकुट घातलेला राजा. चित्रं उचलून हवी तशी मागेपुढे लावायची. जो पुढे त्याला शिधा आधी. खेळ सुरू होतो तेव्हा राजा सर्वांत पुढे असतो. पहिल्याच दिवशी हे पाहून ह्यांना किळस आली. "दारात फौज उभी आणि हा आधी गिळतो?" म्हणाले, आणि रामभटाला उचलून ओळीच्या शेवटी टाकला. आधी बाहेरचे पाहुणे, मग सरदारांची माणसं, मग घरचे, सगळ्यांच्या शेवटी यजमान. मी जिन्यातच होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. यजमान आहे तो, शेवटीच जेवणार.

झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. मामाचे घोडेस्वार कोठार चाटूनपुसून साफ करायचे. वेढा रंगात आला, किल्ल्याची भिंत ढासळायला लागली की इकडे राजा मरायचा. राजा मेला की युद्ध खलास. सरदार घरी, मामा घरी, टकल्या किल्ल्यावर हसत बसलेला. मग रामभटाचा मुलगा गादीवर. तो पुन्हा आजीचा हक्क सांगायचा, पुन्हा वेढा, पुन्हा भिंत ढासळायला लागली की तोही मरायचा. मग त्याचा भाऊ. सगळ्यांना हे रामभटच म्हणायचे.

राजा मेला की इंग्रजी मजकुराचा एक चौकोन यायचा. ह्यांचं इंग्रजी बेताचं. दारावर आलेल्या बैराग्याला "आगे बढ़ो बाबा" म्हणावं तसं हे तो चौकोन न वाचता घालवायचे. संपदा तेवढ्यात चहा टाकायला गेलेली असायची, नाही तर बिजली जायची. ह्यांच्या मते राजाला नजर लागत होती. मग म्हणाले, नदीचं पाणी वाईट आहे. मग म्हणाले, खेळच लबाड आहे, जिंकायला आलं की राजा मारून टाकतो.

एवढं हरून माणसाने गप्प बसावं. पण नाही. सोवळ्यात असताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, एवढं भान होतं, तर हे जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून ओरडायचे, "संपदा, घोडे मागे घे. मागे. टेकडीच्या मागे." इकडे देवघरात नैवेद्य वाट पाहतोय आणि हे उंटावरून शेळ्या हाकतायत. ती बिचारी वरून विचारायची, काका, आत्ता पळणाऱ्यांचा पाठलाग करू का? हे म्हणायचे, नको, मागच्या वेळी पाठलागात आपले लोक समुद्राला लागले होते.

पितृपक्षात तर कहर झाला. सर्वपित्री अमावास्येला अहिल्याबाई घाटावर हे तर्पण करत होते. मी मागे भांडी घेऊन उभी. आपले पितर झाले, गुरू झाले, ज्यांचं कोणी नाही त्यांना पाणी सोडायची वेळ आली. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र देतात, तसं देऊन ह्यांनी रामभटाला पाणी सोडलं. नुसतं एकाला नाही, मागाहून मेलेल्या सगळ्यांना. घरी आल्यावर म्हटलं, "त्यांना पिंड पण द्यायचे होतेत." हे म्हणाले, "तो विचार मनात आला होता, पण ते लोक मांसाहारी."

हसू येतं ना? मलाही आलं. पण त्या दिवशी मी चार वाजता जेवले, आणि जेवले म्हणजे थंड भातावर ताक ओतून घेतलं. रात्री पायात गोळे आले. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले तर त्या माझ्यावरच चिडल्या. ह्यांना सांगितलं, हे म्हणाले, "अगं, मी म्हटलं ना, जेवत जा." पालथ्या घड्यावर पाणी.

कार्तिकात प्रल्हादची बदली झाली, झाशीला. रविवारी निघायचं ठरलं. ह्यांचं तोंड उतरलं. प्रल्हाद, संपदा जाणार त्याचं वाईट वाटलंच, पण रविवारनंतर टकल्याचा किल्ला कधीच मिळणार नव्हता. गुरुवारी पाहुणे जेवून उठले तसे हे पानावर न बसता वर गेले. म्हणाले, आज निकाल.

मी वाट पाहिली. अडीच, तीन. तीन वाजून गेल्यावर वर निघाले तर मधल्या वळणावर डोळ्यांपुढे काळोख आला. भिंत धरून वर पोचले आणि उंबऱ्यातच बसले. कुणाचं लक्ष नव्हतं. प्रल्हादने सामान बांधायला रजा घेतली होती, तो ह्यांच्या शेजारी बसलेला, संपदा मागे उभी. टकल्याच्या किल्ल्याला खिंडार पडलं होतं. हे पुढे वाकून नाकाने काच पुसायच्या बेतात. म्हणाले, "पडला. आता पडला." आणि चौकोन आला. ह्यांनी सवयीने तो घालवायला हात नेला.

प्रल्हाद म्हणाला, "थांबा गुरुजी. काय लिहिलंय ते तर बघू." आणि वाचून हसायला लागला. "अहो, तुमचा राजा भुकेने मेला."

"भुकेने? राजा?"

प्रल्हादने जेवणाचं पान उघडलं. ओळ पाहिली. मग त्याला इतकं हसू आलं की तो खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला. संपदाने पदर तोंडाला लावला. "काका, म्हणजे आजवरचे सगळे रामभट..." तिला पुढे बोलता येईना.

"गुरुजी, काही कठीण नाही," प्रल्हाद डोळे पुसत म्हणाला. "मी मागचा डाव राखून ठेवलाय. तो उघडू, राजाला पुढे आणू. किल्ला तुमचा. आत्ता, बसल्या बैठकीला."

मला वाटलं, हे उडी मारतील. एवढे महिने ज्याच्यासाठी घालवले ते समोर ठेवलेलं. पण ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही," म्हणाले.

"का?"

"मामाचे लोक परगावाहून आलेत. त्यांच्या आधी याला बसवू? ज्याने हा खेळ केला त्याच्या घरी कधी पाहुणा आलेला नाही, दुसरं काही नाही."

"अहो, पण मरतोय ना तो."

"शेवटी जेवून कुणी मरत नाही," हे म्हणाले. आवाज चढला होता. "मी आयुष्यभर शेवटी जेवतोय. मी मेलो का?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी भाडेकरूंसमोर ह्यांना कधी उलटून बोललेली नाही. त्या दिवशी बोलले.

"तुम्ही शेवटी नाही जेवत," मी म्हटलं. "तुमच्यानंतर मी जेवते."

तिघांनी मागे वळून पाहिलं. मी उंबऱ्यात बसलेली होते हेच त्यांना तोवर माहीत नव्हतं. उठायचं होतं, पण पाय साथ देईनात, म्हणून बसूनच बोलले. म्हटलं, "डॉक्टरीणबाई दोनदा सांगून थकल्या. तुम्ही म्हणालात, कोण अडवतंय. तो चित्रातला मनुष्य मेला तर तुम्ही नदीला दोष दिलात, दृष्ट काढायला निघालात, गंगेत उभं राहून त्याला पाणी सोडलंत. आणि मी खाली जिवंत बसलेय. तुम्ही जेवून उठाल म्हणून."

संपदाने पाणी आणलं, साखर घालून. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि लाज का वाटावी याचा आणखी राग आला. खाली येऊन दोघंही जेवलो. शुक्रवार तसाच गेला. शनिवारी हे वर गेलेच नाहीत. पानवाल्याने विचारलं तर म्हणे त्याला नुसतं पाहून पुढे गेले. मला वाटलं, रुसले. रुसू देत म्हटलं.

रविवारी परभणीची थोडी मंडळी होती. वरण, भात, भोपळ्याची भाजी, कोशिंबीर, पुरण. हे घाटावरून आले आणि स्वतः पत्रावळी मांडायला लागले. ओळीच्या टोकाला, भिंतीशी, एक जास्तीची मांडली. मला वाटलं, मोजायला चुकले. मी ती उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे. बस."

"कोण?"

"तू. बस म्हणतो ना."

"आणि वाढणार कोण?"

"मी."

परभणीच्या एक म्हातारबाई होत्या, त्या माझ्याकडे आणि पानाकडे पाहत म्हणाल्या, "काकू, तुम्हीपण आमच्याबरोबर?" मी पदर सारखा करत बसले. हात आपोआप उठून भाताच्या पातेल्याकडे जात होते, ते मांडीखाली धरून ठेवले.

ह्यांना वाढता येत नाही. मंत्र सगळे येतात, पण लिंबू कुठे आणि कोशिंबीर कुठे याचा पत्ता नाही. मीठ वाढायला विसरले, भाजी डाव्या बाजूला गेली, एका गृहस्थाला पुरणावर वरण मिळालं. मंडळी भली, मजेत खात होती. मला मात्र बसल्या जागी घाम फुटला. तोंडाशी आलेले शब्द पुन्हा पुन्हा गिळले. एकदा फक्त म्हटलं, "अहो, तूप." हे धावले आणि तूप सगळ्यांत आधी मलाच वाढलं. लगेच चूक लक्षात आली म्हणून कावरेबावरे झाले, पण वाढलेलं परत घेता येत नाही.

तेवढ्यात प्रल्हाद जिन्यावरून उतरला. बाहेर गल्लीत सामानाचा ठेला उभा होता, कॉम्प्युटर तेवढा वर अजून जोडलेला. "गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मागचा डाव उघडलाय. राजाला मी पुढे आणून ठेवलाय, पाप मला. खिंडार पडलेलंच आहे. पाच मिनिटं वर या, किल्ला घ्या, मग मी तारा काढतो."

ह्यांच्या हातात वरणाची वाटी होती. जिन्याकडे पाहिलं. मी एवढी वर्षं त्या चेहऱ्याबरोबर संसार केलाय, मला कळतं. त्यांना जायचं होतं. इतकं जायचं होतं की वाटी तिरकी होऊन वरण पायावर सांडलं तरी कळलं नाही. मी म्हणणार होते, जा हो, मी वाढते. शब्द ओठांवर होते. पण गरम भाताचा घास तोंडात होता, तूप-मीठ-लिंबू घातलेला, आणि मी तो गिळायची घाई केली नाही.

"हे वरण वाढून होऊ दे," हे म्हणाले.

वरणानंतर भात मागितला कुणीतरी. भातानंतर पुरण. मग म्हातारबाईंना ताक. प्रल्हाद थोडा वेळ थांबला, मग वर गेला. ठेलेवाला बाहेरून ओरडायला लागला होता. थोड्या वेळाने दोन माणसं कॉम्प्युटर आमच्याच जुन्या गोधडीत गुंडाळून चौकातून घेऊन गेली. हे ताकाचं भांडं धरून बाजूला सरकले आणि त्यांना वाट दिली. मग माझ्यापाशी आले, विचारलं, "आणखी भात?" मी हो म्हटलं. पोट भरलं होतं, तरी हो म्हटलं.

प्रल्हाद-संपदा पाया पडून गेले. पाहुणे ओसरीवर आडवे झाले. मी हात धुऊन आले तेव्हा चौकात एकच पान मांडलेलं, आणि हे त्यावर बसलेले. मी वाढायला घेतलं. भात संपला होता, खरवड काढून घातली. वरण तळाला होतं, ते पातेलं तिरकं करून घेतलं. भाजी नव्हती. पुरणाचं पातेलं पुसून निघालं ते एवढंसं. सगळं गार.

ह्यांनी पानाकडे पाहिलं. मग वर न बघता विचारलं, "रोज एवढंच उरतं?"

"नाही," मी म्हटलं. "आज पाहुणे कमी होते, म्हणून एवढं तरी उरलं."